मास्तरांच्या टेबलानंतर

जेवणाच्या खोलीतली टेबलं बाजूला सरकवून मास्तरांच्या लेकीने समोरच्या भिंतीवर तपकिरी कागद ताणून लावला. कागद कारखान्यातलाच. एरवी त्यावर बॅगांचे साचे आखतात, आज त्यावर अख्खा कारखाना आखायचा होता. ती स्टुलावर चढून वरचं टोक चिकटवत होती, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "हळू गं! म्हणजे... हळू, मॅडम."

सगळे हसले. मास्तरही हसले. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. गेटवरच्या वॉचमनलासुद्धा त्यांनी सांगून ठेवलं होतं की आज मॅडम येणार आहेत, उगाच नाव-गाव विचारत बसू नकोस. लेक पार कानकोंडी झाली होती, पण मनातून तिला ते आवडत नव्हतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल.

मास्तर म्हणजे या कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. इथे प्रवासाच्या बॅगा शिवतात, दप्तरं शिवतात, आणि शिवणाऱ्या निम्म्या बायकांना मशीनवर हात धरून मास्तरांनीच बसवलेलं. अलीकडे ते स्वतः शिवत नाहीत, तपासणीच्या टेबलावर असतात. शिवून झालेली प्रत्येक बॅग त्यांच्या हाताखालून जाते आणि तिथून पॅकिंगला. निदान सांगताना तरी असंच सांगतात.

लेक आधी एका कंपनीत फोनवर अनोळखी लोकांच्या शिव्या खाण्याची नोकरी करत होती. ती सोडून तिने हा कोर्स केला. एखादं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसं चालतं ते चित्रात मांडायचं, कुठे अडतं ते शोधायचं आणि मग ते सुधारायचं. नातेवाइकांना हे समजावताना तिच्या नाकी नऊ आले होते. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे काम दुसऱ्यांनी करायचं आणि तू चौकोन काढायचे. बरंय की!"

चौकोन काढायचे हे खरंच होतं. चौकोन म्हणजे काम, पतंगाचा आकार म्हणजे निर्णय, बाण म्हणजे पुढे कुठे. प्रत्येक खात्याला एक आडवा पट्टा आणि एका रंगाच्या चिकटचिठ्ठ्या. पण कोर्सच्या सरांनी चौकोनांपेक्षा तीन गोष्टी डोक्यात जास्त बसवल्या होत्या. काम जसं व्हायला हवं तसं काढू नका, जसं होतं तसं काढा. ऐकीव माहितीवर जाऊ नका, तिथे उभं राहून बघा. आणि जिथे अडतं तिथे 'का' विचारा, उत्तर आलं की परत 'का' विचारा, मुळाशी जाईपर्यंत सोडू नका.

हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम, आणि ते मिळालं होतं मास्तरांच्या शब्दावर. मालकांची तक्रार साधी होती. बॅग शिवून होते आज दुपारी आणि पॅकिंगला पोचते उद्या दुपारी. मधले तास जातात कुठे? दुकानदार माल उशिरा येतो म्हणून कटकट करत होते. मालकांनी तिला केबिनमध्ये बसवून स्पष्टच सांगितलं होतं, "मला चित्राबित्रातलं काही कळत नाही. माल कुठल्या टेबलावर अडतो तेवढं दाखवा. ते टेबल बंद करून टाकतो."

तेव्हा तिने जोरात मान हलवली होती. टेबल म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर टेबलच होतं, त्याच्यामागे कोणी बसलेलं असतं हे तिच्या मनातच आलं नाही.

मग ती कारखान्यात येऊन उभी राहिली. कटिंगला उभी राहिली, शिलाईला राहिली, चेन लावणाऱ्या बायकांच्या मागे राहिली. पॅकिंगला तर इतका वेळ थांबली की तिथल्या माणसाने, ज्याला सगळे चिकटपट्टी म्हणतात, तिच्या हातात खोकी द्यायला सुरुवात केली. फक्त तपासणीच्या टेबलापाशी ती उभी राहिली नाही. बापाच्या मागे लेक घड्याळ धरून उभी आहे, हे दृश्य तिला कसंसंच वाटत होतं. लोक काय म्हणतील! शिवाय मास्तर स्वतःच म्हणाले, "माझ्या टेबलाचं काय एवढं? घरी विचार की. आरामात सांगतो."

घरी त्यांनी आरामात सांगितलंही. बॅग उचलायची, पट्टा ओढून बघायचा, चेन पुढे-मागे करायची, बॅग उलटी करून आतली शिलाई बघायची, सुटे दोरे कापायचे, ठीक असेल तर डावीकडे ठेवायची. सांगताना हवेत बॅग उलटी केल्यासारखे त्यांचे हात फिरत होते. लेकीने ते सगळं एका हिरव्या चिठ्ठीवर सुबक अक्षरात उतरवलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"बघा, बरोबर आहे ना?"

मास्तरांनी चिठ्ठी जवळ घेतली, लांब धरली, दिव्याखाली नेली. "किती बारीक अक्षर काढतेस गं! मुंग्या बसल्यात नुसत्या." आणि परत देत म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे."

"त्यांना हल्ली सगळंच बारीक वाटतं," आई आतून म्हणाली. "काल साखर म्हणून मीठ घातलं चहात. आणि वर म्हणतात, बरण्या तू बदलल्यास."

तिघेही हसले. मास्तर रोज संध्याकाळी सांगतात ते त्यांनी त्याही संध्याकाळी सांगितलं, की माझ्या टेबलावरून गेलेल्या मालाची आजही एक तक्रार नाही. आणि लेकीने चिठ्ठी वहीत ठेवली. तिथे उभं राहून बघा हा नियम तिला आठवला नाही असं नाही. आठवला होता. पण घरच्या माणसावर कसला अविश्वास दाखवायचा, असं म्हणून तिने तो बाजूला सारला.

तर आता ती भिंतीपाशी उभी होती आणि एकेक जण पुढे येऊन आपापली चिठ्ठी लावत होता. मजा येत होती. कटिंगवाल्याने आपली चिठ्ठी उलटी लावली, त्यावरून त्याची यथेच्छ खेचून झाली. शिलाईतल्या मावशींनी आधी आढेवेढे घेतले, मग पुढे आल्या आणि आपली चिठ्ठी इतकी दाबून बसवली की भिंतच आत जाते की काय असं वाटलं. मास्तरांची हिरवी चिठ्ठी लेकीनेच लावली, आणि तिच्या खालच्या पट्ट्यात पॅकिंगची पिवळी. प्रत्येक चिठ्ठीला मास्तर पहिल्या रांगेतून मान हलवून दाद देत होते. दाराशी मालक येऊन उभे राहिले होते. त्यांनाही गंमत वाटत असावी.

"आता बाण काढू," ती म्हणाली. "शिलाईतून बॅग तपासणीला कधी जाते?"

"झाली की लगेच," मावशी म्हणाल्या.

"आणि तपासणीतून पॅकिंगला?"

"त्याच दिवशी," मास्तर म्हणाले. "संध्याकाळी माझं टेबल रिकामं असतं. उद्यावर काही ठेवत नाही मी."

"आणि तुमच्याकडे कधी येते?" तिने चिकटपट्टीला विचारलं.

चिकटपट्टी छताकडे बघायला लागला. "येते की. दुसऱ्या दिवशी. दुपारपर्यंत."

सापडलं! याच दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये ते हरवलेले तास होते. तिने हिरव्या चिठ्ठीपासून पिवळ्या चिठ्ठीपर्यंत येणारा बाण मध्येच थांबवला आणि तिथे मोठं प्रश्नचिन्ह काढलं. कोर्समध्ये सर असंच करायचे.

"मग मधल्या वेळेत बॅगा असतात कुठे?"

चेन लावणाऱ्या ताईने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. कटिंगवाला आपल्या चपलांकडे बघू लागला. मघाशी एवढी हसणारी माणसं, अचानक सगळ्यांची दातखीळ बसली.

"घाबरू नका," ती उत्साहाने म्हणाली. "यात कोणाची चूक काढायची नाहीये. दोष माणसाचा नसतो, पद्धतीचा असतो."

"राहू दे ना मॅडम," चिकटपट्टी म्हणाला. "माल जातोय ना? मग झालं."

"चहा गार होतोय," कोणीतरी मागून म्हणालं.

"अहो, पण हेच तर शोधायला आलोय आपण!"

ती मास्तरांकडे बघून हसली. मास्तरही चक्रावले होते. "हां, सांगा रे," ते मागे वळून म्हणाले. "माझ्या टेबलावरून गेलेला माल जातो कुठे? मलाही कळू दे."

आणि मग दाराशी उभे असलेले मालक बोलले. आवाज चढवला नव्हता, पण गंमत संपली होती. "म्हणजे रात्रभर माल कुठे असतो हे कोणालाच माहीत नाही. मग मी काय समजायचं? चोरी होतेय?"

या शब्दाने मावशी उभ्या राहिल्या. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"चोरी नाही. इथे कोणी चोर नाही. बॅगा मागच्या खोलीत असतात. सकाळी आळीपाळीने तिथे जाऊन आम्ही बायका त्या परत बघतो. मग पॅकिंगला देतो."

"परत बघता?" लेकीने पेन उचललं. "का?"

"एखादा टाका सुटलेला असतो, म्हणून."

"पण तपासणीनंतर टाका सुटलेला कसा राहील? का राहतो?"

"राहतो. नजरेतून सुटतो."

"का सुटतो?"

हा शेवटचा 'का' तिने विचार करून विचारला नव्हता. सवयीने तोंडातून निघून गेला. निघून गेल्यावर तिला मावशींचा चेहरा दिसला.

मावशींनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ही मुलगी परकरात होती तेव्हापासून ती त्यांना माहीत होती, पण सकाळपासून त्या तिला सगळ्यांसारखं मॅडमच म्हणत होत्या. आता त्यांनी ते सोडून दिलं.

"तुला खरंच माहीत नाही?" त्या म्हणाल्या. "अगं, मास्तरांना दिसत नाही."



लेकीला वाटलं, हा कागद भिंतीवरून सुटून आपल्या अंगावर पडावा आणि आपण त्याखाली झाकून जावं. सगळ्यांदेखत तिने हे खेचून बाहेर काढलं होतं, हसत हसत, पेन हातात घेऊन. मुंग्या बसल्यात नुसत्या. दिव्याखाली नेलेली चिठ्ठी. मीठ घातलेला चहा. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढे होतं आणि ती हसली होती. आणि ती लोकांना बघायला शिकवणार होती! शरमेने तिचे कान तापले, आणि मास्तरांकडे बघायची तिची छातीच होईना.

मास्तरांनी गुडघ्यांवरचे हात एकमेकांत घेतले होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, जाऊ द्या ना..."

"कधीपासून, ते विचारतोय."

मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "काळ्या बॅगांच्या पट्ट्यांना चॉकलेटी दोरा गेला होता, तेव्हापासून."

"त्याची तर तक्रार आली नाही."

"आली होती. माल परत आला होता. आम्ही उसवून पुन्हा शिवला."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते दोरे आठवत असावेत, किंवा दिसले नव्हते हे आठवत असावं. मग काहीतरी त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. एक तक्रार नाही, एक तक्रार नाही, असं ते रोज घरी जाऊन सांगत होते. रोज सकाळी मागच्या खोलीत बायका वाकून वाकून त्यांची ती बढाई खरी करत होत्या.

"आणि मला कोणी बोललं नाही," ते म्हणाले.

"कोण बोलणार?" मावशींचा आवाज बसला. "हातात पहिल्यांदा बॅग तुम्ही दिलीत आमच्या."

मालक घसा खाकरून म्हणाले, "आपण याच्यावर नंतर बोलू. निवांत बसून." मघाचा चोरीचा शब्द आता त्यांनाही टोचत असणार. ते आत यायला तयार नव्हते आणि निघूनही जात नव्हते.

"नंतर कशाला?" मास्तर उठले. "मॅडमनी सकाळीच शिकवलंय. ज्या कामाने गिऱ्हाइकाला काही फरक पडत नाही, ते काम काढून टाकायचं. बरोबर ना, मॅडम?"

उत्तरासाठी ते थांबले नाहीत.

मास्तर भिंतीपाशी गेले. पाठ ताठ, पावलं नेहमीसारखी. कागदासमोर ते थोडा वेळ थांबले, मग हात पुढे करून त्यांनी एक चिठ्ठी उचकटली, दुमडली, शर्टाच्या खिशात टाकली आणि जागेवर येऊन बसले.

"झालं," ते म्हणाले. "टेबल बंद."

भिंतीवर हिरवी चिठ्ठी जशीच्या तशी होती. तिच्या खालच्या पट्ट्यातली पॅकिंगची पिवळी गेली होती.

चिकटपट्टीने तोंड उघडलं आणि मावशींनी त्याचं कोपर दाबलं. बाकी कोणी हललंसुद्धा नाही. या खोलीला याची सवय होती. मास्तरांचं काही चुकलं की सगळ्यांनी गप्प राहायचं आणि त्यांची पाठ फिरली की कोणीतरी हळूच दुरुस्त करायचं. आता सगळे लेकीकडे बघत होते. दुरुस्त करायची पाळी तिची होती.

आणि तिने केलंही तसंच. पाय न वाजवता ती भिंतीकडे वळली. नवी पिवळी चिठ्ठी घेतली, त्यावर पॅकिंग लिहिलं आणि रिकाम्या जागी लावली. मग वरची हिरवी चिठ्ठी नखाने अलगद सोडवायला लागली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. आपण मागच्या खोलीत जाऊन उभे राहिलोय, हेही कळत होतं. चिठ्ठीचा चिकट भाग कागदावरून सुटताना बारीकसा आवाज झाला.

"अगं," मागून मास्तर म्हणाले. "मी चुकीची काढली का?"

तिचा हात तिथेच थांबला. नाही म्हण, असं ती अख्खी खोली तिला सांगत होती. नाही म्हणणं किती सोपं होतं! मास्तर मान हलवतील, चहा होईल, लोक उठतील, आणि उद्यापासून घरीही एक मागची खोली सुरू होईल.

तिने अर्धी सुटलेली हिरवी चिठ्ठी परत दाबून बसवली आणि वळली.

"हो, बाबा," ती म्हणाली. "चुकीची काढलीत."

कोणीतरी च्च केलं. मास्तरांनी खिशातली चिठ्ठी काढली, उलगडली आणि डोळ्यांपाशी नेली, अगदी नाकाला टेकेपर्यंत. घरी हे त्यांनी कधी केलं नव्हतं. सगळ्यांसमोर तर नाहीच.

"नाही लागत," ते म्हणाले. "सकाळपासून इथलं एक अक्षर मला लागलेलं नाही. नुसती मान हलवतोय."

लेक त्यांच्याजवळ गेली. तिला रडू येत होतं आणि ते लपवायचं तिने सोडून दिलं होतं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "तुमच्या टेबलापाशी मी उभीच राहिले नाही. सगळीकडे राहिले."

"मीच नको म्हटलं होतं," मास्तर म्हणाले. "तू उभी राहिली असतीस तर तुला कळलं असतं. म्हणून तर घरी सांगितलं."

ते उठले आणि त्यांनी हात पुढे केला. तिने तो धरून त्यांना भिंतीपाशी नेलं आणि त्यांचं बोट हिरव्या चिठ्ठीवर ठेवलं. त्यांनी तिच्या कडा चाचपल्या, जशी ते बॅगेची शिवण चाचपायचे, आणि ती स्वतःच्या हाताने काढली. या वेळी खिशात ठेवली नाही, मालकांच्या दिशेने धरली. मालकांनी पुढे येऊन ती घेतली. ते ती पुन्हा पुन्हा वाचत उभे राहिले.

"आता मागची खोली लाव," मास्तर लेकीला म्हणाले. "तपासणी तिथे होते. जसं होतं तसं काढायचं ना?"

"हो."

"मग नाव घाल त्यांचं. सगळ्या बायकांचं. फुकट करत होत्या, दुप्पट काम."

मावशी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्यांनी नको नको असा हात केला, पण तो कोणाच्या लक्षात आला नाही.

लेकीने नवीन चिठ्ठी घेतली. पेन टेकवलं आणि तिला कळलं की चिठ्ठी पुरणार नाही. तिने ती बाजूला ठेवली, खोक्यांवर पत्ते लिहायचा चिकटपट्टीचा जाड मार्कर मागून घेतला आणि थेट कागदावरच, हातभर जागेत, लिहायला लागली. मास्तर तिच्या खांद्याशी उभे होते. तिचं लिहून झाल्यावर ते वाकले, डोळे बारीक केले, आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं.

"मा-ग-ची खो-ली." ते थांबले. "हां. हे दिसतंय. पुढचंही एवढंच मोठं काढ."